रोपवाटिका व्यवसाय : अस्सल रोपाची हमी आणि तिचे अर्थकारण

२०१२-१३ या वर्षी देशातील फलोत्पादन क्षेत्राचे एकूण उत्पादन प्रथमच अन्नधान्याच्या उत्पादनापेक्षा अधिक झाले. फळे, भाजीपाला, फुले आणि मसाला पिके यांच्या या वाढीची चर्चा बहुधा सिंचन, शीतगृहे, प्रक्रिया उद्योग आणि निर्यात यांच्या अंगाने होते. या साखळीचा पहिला दुवा असलेले रोप मात्र चर्चेच्या बाहेरच राहते. ज्वारीचे वा गव्हाचे बियाणे निकृष्ट निघाले, तर शेतकऱ्याचा एक हंगाम वाया जातो. आंब्याचे कलम निकृष्ट निघाले, तर त्याच्या आयुष्यातील पाच-सहा वर्षे वाया जातात. दहा मीटर अंतरावर लागवड केल्यास हेक्टरी १०० कलमे बसतात. ती सांगितलेल्या जातीचीच आहेत किंवा नाहीत, नियमित व भरपूर फळ देणाऱ्या झाडापासून तयार केलेली आहेत किंवा नाहीत, हे बाग धरू लागेपर्यंत समजत नाही. तोवर जमीन, पाणी, खत आणि राखण यांवर झालेला खर्च कलमांच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट झालेला असतो.

अर्थशास्त्रात या परिस्थितीला माहितीची विषमता म्हणतात. विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकाला तो दिसत नाही. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवून दिले की, दर्जा ओळखता येत नसेल तर ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो. परिणामी चांगला माल विकणाऱ्याला तो भाव परवडत नाही आणि बाजारात हलका माल उरतो. या विचाराला २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या कार्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटार निदान चालवून पाहता येते. फळझाडाचे कलम चालवून पाहण्याची सोय नाही. त्यामुळे रोपवाटिका व्यवसायातील मशागत, जागेची निवड, नोंदी, कायदे आणि शासकीय योजना या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आढळतो: न दिसणारा दर्जा ग्राहकाला दिसेल असा कसा करावा?

एका नावाखालील दोन व्यवसाय

'रोपवाटिका' या एकाच शब्दाखाली वस्तुतः वेगवेगळ्या स्वरूपाचे व्यवसाय येतात. भाजीपाल्याची रोपवाटिका ही अल्प मुदतीची असते. टोमॅटो, कोबी किंवा फुलकोबीचे रोप सुमारे २५ ते ३० दिवसांत, तर मिरचीचे ३५ ते ४५ दिवसांत लागवडीयोग्य होते. संकरित बियाणे महाग झाल्यापासून गादीवाफ्यावर बी फोकून रोपे करण्याची पद्धत मागे पडत गेली आणि प्रो-ट्रेमध्ये एका कप्प्यात एक बी टोकण्याची पद्धत रूढ झाली. ९० × ४५ सेंटिमीटर अंतरावर टोमॅटोची लागवड करावयाची झाल्यास एकरी सुमारे १० हजार रोपे लागतात. म्हणजे ९८ कप्प्यांचे शंभराहून थोडे अधिक ट्रे. एका ट्रेला सुमारे सव्वा किलो कोकोपीट पुरते. कोकोपीट नारळाच्या काथ्याच्या उद्योगातून मिळते आणि त्यात क्षार राहून गेलेले असू शकतात. ते धुऊन न घेतल्यास उगवण बिघडते.

पुष्कळ ठिकाणी शेतकरी स्वतःच बियाण्याचे पाकीट आणून देतो आणि रोपवाटिकाचालक रोपामागे ठरलेली मजुरी घेतो. या पद्धतीत भांडवल थोडे लागते, शिवाय जातीच्या खरेपणाची जबाबदारी बियाणे कंपनीकडे राहते. चालकाची जबाबदारी उरते ती रोप निरोगी देण्याची. टोमॅटो-मिरचीवरील पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पांढऱ्या माशीमार्फत पसरतो आणि लागण कोवळ्या वयात झाली तर झाडाकडून काहीच हाती येत नाही. म्हणून केवळ सावली देणारी शेडनेट पुरेशी नसून कीटकांना अटकाव करणारी बारीक जाळी आणि दुहेरी दार आवश्यक ठरते. नव्या उद्योजकाने प्रथम हा मार्ग धरावा, यात शहाणपण आहे. महिन्याभरात पैसा परत येतो आणि चुकांची किंमत एका हंगामापुरती राहते.

फळझाडांच्या रोपवाटिकेचे गणित निराळे असते. येथे मातृवृक्ष लावण्यापासून स्वतःच्या कलमकाड्या मिळेपर्यंतच अनेक वर्षे जातात. तोपर्यंत कृषी विद्यापीठांच्या व शासकीय प्रक्षेत्रांवरील मातृवृक्षांपासून कलमकाड्या घेऊन काम चालवावे लागते. जागेची निवडही अधिक काटेकोरपणे करावी लागते. पाणी साचणारी सखल जमीन टाळावी, हे सर्वज्ञात आहे. ज्या पिकाची रोपे करावयाची, त्याच पिकाच्या जुन्या, रोगट बागेच्या शेजारी रोपवाटिका नसावी, ही अट मात्र पुष्कळदा मोडली जाते.

मातृवृक्ष आणि खुंट

कलम म्हणजे दोन झाडांचे एकत्रीकरण. जमिनीतील मुळांचा भाग खुंटाचा आणि वरचा फळे देणारा भाग कलमकाडीचा. आंबा परपरागित असल्याने कोयीपासून वाढलेले झाड मूळ झाडासारखे निपजेलच असे नाही. म्हणून जात टिकवावयाची तर कलमाशिवाय गत्यंतर नसते. कोकणात पूर्वी भेट कलमाची पद्धत होती. तीत खुंटाची कुंडी मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत नेऊन बांधावी लागे आणि एका झाडापासून मर्यादित कलमे होत. कोय कलमाच्या पद्धतीने हे चित्र पालटले. आंब्याच्या कोयीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच घटते, त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस कोयी गोळा करून लगेच रुजत घालाव्या लागतात. कोवळी तांबूस पाने असलेले दोन-तीन आठवड्यांचे रोप हा खुंट होय. त्यावर मातृवृक्षाची तीन-चार महिने वयाची काडी पाचर पद्धतीने बसवून पॉलिथीनच्या पट्टीने घट्ट बांधतात. काडी झाडावर असतानाच तिची पाने आठ-दहा दिवस आधी देठ राखून छाटली, तर डोळे फुगतात आणि जोड लवकर जमतो. पावसाळ्यातील दमट हवा या कामाला पोषक असते. पाऊस ओसरल्यावर यशाचे प्रमाण घसरते. अर्थात वर्षभराच्या मिळकतीचा पाया दोन-अडीच महिन्यांत, कुशल कारागिरांच्या हातांवर घातला जातो. चांगला कलम बांधणारा त्या दिवसांत मिळणे, ही रोपवाटिकाचालकाची खरी विवंचना असते.

परंतु हात कितीही कुशल असला, तरी काडी कोणत्या झाडाची होती याचे उत्तर जोडावर लिहिलेले नसते. एकाच जातीच्या झाडांतही काही झाडे नियमित फळतात, काही वर्षाआड, काही जेमतेम. काडी सहज हाताला लागते म्हणून रोपवाटिकेतील न फळलेल्या कोवळ्या कलमांचीच छाटणी करून ती पुढील कलमांसाठी वापरणे, हा या व्यवसायातील सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक आडमार्ग होय. त्यात फसवणुकीचा हेतू नसतो, केवळ सोय असते. मात्र अशा काड्यांमागे फळांचा कोणताही पुरावा नसतो, आणि एकदा झालेली जातींची सरमिसळ पिढ्यानपिढ्या पुढे जात राहते. यावर उपाय जुनाच आहे: प्रत्येक मातृवृक्षाला क्रमांक देणे, त्याच्या उत्पादनाची वर्षवार नोंद ठेवणे आणि कलमांच्या प्रत्येक गटाला काडीची तारीख व मातृवृक्षाचा क्रमांक लावणे. एक वही आणि काही पत्र्याच्या चकत्या यांपलीकडे त्याला खर्च नाही.

लिंबूवर्गीय फळांत खुंटाचे महत्त्व अधिक ठळकपणे दिसते. नागपुरी संत्र्याची रोपे प्रामुख्याने जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून केली जातात. अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात, विशेषतः शेंदुरजनाघाट परिसरात, हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर चालतो. जंबेरीच्या एका बीतून अनेकदा एकाहून अधिक अंकुर निघतात. त्यांपैकी बहुतेक मातृझाडाच्या पेशींपासून वाढलेले असल्याने एकसारखे असतात, तर काही परागीकरणातून झालेले व वेगळ्या गुणांचे असतात. अतिशय खुरटी, तसेच पानांच्या आकाराने वेगळी दिसणारी रोपे वेळीच उपटून टाकली नाहीत, तर बागेत काही झाडे कायमची मागे राहतात. उपटलेले प्रत्येक रोप म्हणजे तत्काळ दिसणारे नुकसान. ठेवलेल्या रोपाचे नुकसान मात्र दुसऱ्याच्या शेतात, बऱ्याच वर्षांनी दिसणार. रोपवाटिकाचालकाच्या सचोटीची परीक्षा अशा बारीकसारीक निर्णयांत होते.

मुळांवरील मातीबरोबर प्रवास करणारा रोग

रोप हे रोगाचे वाहन होऊ शकते, हा धडा महाराष्ट्राने डाळिंबाच्या पिकात महागात शिकला. डाळिंबाची लागवड मुख्यत्वे गुटी कलमांनी होते. एका झाडावर गुटी बांधणे सोपे आणि स्वस्त असल्याने जुन्या बागाच रोपवाटिका बनल्या. तेल्या या जिवाणूजन्य रोगाची लागण झालेल्या बागांतील गुट्या नव्या क्षेत्रात गेल्या आणि त्यांच्यासोबत रोगही गेला. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातील डाळिंब उत्पादकांना या रोगाने जेरीस आणले. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या काडीतही जिवाणू सुप्तावस्थेत असू शकतो, ही यातील खरी अडचण. सोलापूर येथे २००५ मध्ये डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याच्या कामात रोगमुक्त लागवड साहित्याला म्हणूनच महत्त्वाचे स्थान आहे.

संत्र्यात हीच भूमिका फायटोप्थोरा ही बुरशी बजावते. मूळकूज आणि बुंध्यावरील डिंक्या या रोगांचे ती कारण आहे. वाफ्यातील जमिनीत वर्षानुवर्षे त्याच पिकाची रोपे घेतल्यास ती मातीत साठत जाते आणि मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्याबरोबर नव्या बागेत पोहोचते. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने यासाठी वाफ्याऐवजी ट्रे व पिशव्यांत रोपे वाढविण्याची पद्धत शिफारस केली आहे. माती, वाळू व शेणखत यांचे मिश्रण ओले करून उन्हाळ्यात चार-सहा आठवडे पारदर्शक पॉलिथीनखाली तापविले की त्यातील बुरशी व सूत्रकृमी यांचे प्रमाण बरेच घटते. विदर्भातील एप्रिल-मे महिन्यांचे ऊन येथे फुकटचे साधन ठरते. डोळाही जमिनीपासून २२ ते २५ सेंटिमीटर उंचीवर भरला, तर संत्र्याच्या संवेदनशील खोडाला ओल्या मातीचा स्पर्श होत नाही. ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझा हे रोग मात्र काडीतूनच येतात. त्यांना मातीचे निर्जंतुकीकरण रोखू शकत नाही, तेथे मातृवृक्षाची प्रयोगशाळेतील तपासणीच लागते.

केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांच्या बाबतीत अशी तपासणी संस्थात्मक स्वरूपात उभी राहिली. केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धती सुरू केली. प्रयोगशाळा उभारणे लहान उद्योजकाच्या आवाक्याबाहेरचे असले, तरी प्रमाणित प्रयोगशाळेतून कोवळी रोपे आणून ती काही आठवडे शेडनेटमध्ये बाहेरच्या हवामानाला सरावविणे आणि मग शेतकऱ्यांना विकणे, हा त्याला जमण्याजोगा व्यवसाय आहे.

हिशेब

समजा, एका कलमामागे खुंट, पिशवी, मजुरी, पाणी व देखभाल मिळून २५ रुपये खर्च येतो. १०० कलमांना २,५०० रुपये लागले. त्यांपैकी ७० जगली आणि निवड केल्यावर विक्रीयोग्य ६० उरली, तर एका विक्रीयोग्य कलमाचा खर्च २५ नव्हे, सुमारे ४२ रुपये होतो. यशाचे प्रमाण वाढवून ८० कलमे विक्रीयोग्य झाली, तर तोच खर्च ३१ रुपयांवर येतो. म्हणून या व्यवसायात नफा विक्रीच्या दरापेक्षा मरीच्या प्रमाणावर अधिक अवलंबून असतो.

दुसरा धोका न विकलेल्या मालाचा. फळझाडांची मागणी बहुतांशी पावसाळ्याच्या सुरुवातीस एकवटते. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम राबविला गेला, तेव्हा कलमांना एकदम मोठी मागणी निर्माण झाली आणि अनेक रोपवाटिका उभ्या राहिल्या. परंतु शासकीय मागणी धोरणानुसार वाढते आणि आटतेही. दुकानातील कापड पुढच्या वर्षी विकता येते. पिशवीतील रोप मात्र वाढतच राहते, त्याची मुळे तळाशी गुंडाळली जातात आणि असे रोप जमिनीत लावल्यावर जोम धरत नाही. ते स्वस्तात काढून टाकण्याचा मोह टाळणे कठीण असते. आगाऊ नोंदणी व अंशतः रक्कम घेऊनच कलमे बांधणे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय.

शोभिवंत झाडांचा बाजार याला बराचसा अपवाद आहे. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रवरमजवळील कडियम परिसर हे देशातील या व्यवसायाचे ठळक केंद्र मानले जाते. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील गाळाची माती आणि सर आर्थर कॉटन यांच्या धवळेश्वरम् बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांचे पाणी यांवर तेथील रोपवाटिका वाढल्या आणि त्यांची झाडे देशभर जातात. जास्वंद वा क्रोटन विकत घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे डोळ्यांसमोर दिसते. माहितीची विषमता येथे सौम्य असते, स्पर्धा मुख्यतः भाव, विविधता आणि वाहतूक यांवर होते. नव्या उद्योजकांचा ओढा शोभिवंत झाडांकडे असतो, त्याचे एक कारण हेही असावे.

कायद्याची चौकट

बियाणे अधिनियम, १९६६ मधील 'बियाणे' या संज्ञेत अन्नपिकांची रोपे, कंद, छाट आणि सर्व प्रकारची कलमे यांचाही समावेश आहे. मात्र विक्रीवरील नियमन अधिसूचित जातींपुरते मर्यादित असल्याने प्रत्यक्षात फळझाडांची बरीच कलमे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. कृषी हा राज्यसूचीतील विषय असल्याने काही राज्यांनी स्वतंत्र कायदे केले. पंजाबचा १९६१ चा, महाराष्ट्राचा १९६९ चा आणि उत्तर प्रदेशचा १९७६ चा फळ रोपवाटिका कायदा ही त्याची उदाहरणे. परवाना आणि खुंट व कलमकाडीच्या उगमाची नोंद हा अशा नियमनाचा गाभा असतो. डिसेंबर २००४ मध्ये संसदेत मांडलेल्या बियाणे विधेयकात रोपवाटिकांच्या नोंदणीची तरतूद होती, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा अभिप्रायांसाठी प्रसिद्ध करण्यात आला.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार नोंदणीकृत वाणाला वृक्ष व वेलींच्या बाबतीत १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. अशा वाणाची रोपे व्यापारासाठी तयार करण्यास हक्कधारकाची संमती लागते. याच कायद्याच्या कलम ३९ अन्वये, नोंदणीकृत वाणाचे लागवड साहित्य सांगितलेल्या अपेक्षेप्रमाणे न उतरल्यास शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाईची मागणी करू शकतो. सदोष बियाणे घेणारा शेतकरी हा 'ग्राहक' ठरतो आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात २०१२ मध्ये दिला. तरीही पाच वर्षांनी उमगलेल्या फसगतीची दाद मागताना पावती, जातीचे नाव आणि गट क्रमांक हाती असणे आवश्यक असते. साध्या चिठ्ठीवर 'कलमे – १००' एवढेच लिहून दिले असेल, तर कायद्याचा आधार दुबळा पडतो.

प्रोत्साहन आणि प्रमाणीकरण

राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २००५-०६ मध्ये सुरू झाले आणि २०१४-१५ पासून ते एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाचा भाग बनले. त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक हेक्टरच्या लहान रोपवाटिकेसाठी १५ लाख रुपये हा खर्चाचा निकष होता. सार्वजनिक क्षेत्राला पूर्ण, तर खाजगी क्षेत्राला ५० टक्के साहाय्य देय होते आणि वर्षाला हेक्टरी किमान २५ हजार रोपांची अपेक्षा होती. खाजगी उद्योजकाचे अनुदान बँक कर्जाशी निगडित असून ते काम झाल्यानंतर कर्जखात्यात जमा होत असे. हे निकष वेळोवेळी बदलतात; कर्ज आधी आणि अनुदान नंतर हा क्रम ध्यानात न घेता केवळ अनुदानाच्या भरवशावर उभारलेला प्रकल्प पहिल्याच उन्हाळ्यात अडचणीत येतो. कृषी पदवीधरांसाठी २००२ मध्ये सुरू झालेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेतही रोपवाटिकेचा समावेश होता. राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाकडून रोपवाटिकांना दर्जानुसार मानांकन देण्याची पद्धतही आहे. अकेरलॉफ यांच्या भाषेत सांगावयाचे तर न दिसणारा दर्जा दृश्य करणारी ही त्रयस्थाची खूण होय.

या दिशेने टाकलेले अलीकडचे मोठे पाऊल म्हणजे ९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला स्वच्छ रोप कार्यक्रम. १,७६५.६७ कोटी रुपयांच्या या कार्यक्रमाची अंमलबजावणी राष्ट्रीय फलोत्पादन मंडळ आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांच्याकडे सोपविण्यात आली. देशात नऊ स्वच्छ रोप केंद्रे उभारण्याचे त्यात योजले असून त्यांपैकी द्राक्षासाठी पुणे, लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूर आणि डाळिंबासाठी सोलापूर ही स्थाने महाराष्ट्रात आहेत. विषाणूंची तपासणी, लागण झालेल्या वाणांचे शुद्धीकरण आणि रोगमुक्त मातृवृक्षांचे जतन ही कामे या केंद्रांकडे राहतील. तेथून मिळालेल्या साहित्याची वाढ करून ते शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचे काम मात्र रोपवाटिकांचेच आहे. केंद्रातून आलेली निरोगी काडी उघड्यावरील, किडींनी वेढलेल्या मातृबागेत लावली तर दोन-तीन हंगामांतच ती पुन्हा रोगट होऊ शकते. त्यासाठी जाळीघरातील मातृवृक्ष, ठरावीक काळाने फेरतपासणी आणि जुने मातृवृक्ष काढून नवे आणण्याची तयारी लागेल. हा खर्च एक हेक्टरचा चालक स्वतः पेलू शकेल, की अनेक लहान रोपवाटिकांनी मिळून एक सामाईक मातृबाग राखावी लागेल, यावर शेंदुरजनाघाटसारख्या ठिकाणी या कार्यक्रमाचा परिणाम ठरणार आहे.